एकशे त्रेचाळीस वेळा ‘आवाज’

भिकन बोरसेला नीट ऐकू येत नाही हे मला सहा वर्षं ठाऊक होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. हे आधीच लिहून टाकते. पुढं मी शहाणपण शिकवायला लागले तर वाचणाऱ्याला मला कुठं अडवायचं ते कळलेलं बरं.

लिंबायतच्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. भिकन माझा विद्यार्थी. हुशार नव्हता, चिवट होता. आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले म्हणून बापानं याचं नाव भिकन ठेवलं. भीक मागून आणलेल्या पोराला कुणाची नजर लागत नाही म्हणे. बाप पोपट, अमळनेरकडचा. साचे चालवायला सुरतेत आला. कापडाच्या मागाला इथं साचा म्हणतात. दहावी झाल्यावर भिकनलाही त्यानं साच्यावर घातलं. मी घरी जाऊन भांडले. पोपट शांतपणे म्हणाला, “बाई, तुमचं खरं शे. पन पोऱ्या घरमा बशीन काय करी?” मी पुढच्या शिक्षणाचं बोलले, त्यानं चहा पुढं केला. चहा पिऊन मी परत आले.

साच्यावर भिकननं अकरा वर्षं काढली. ज्यांनी मागाचं खातं आतून पाहिलेलं नाही त्यांना सांगते, तिथं बोलणं असं नसतंच. शंभर साचे एकदम आदळत असतात. माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघतात आणि हातांनी खुणा करतात. अकरा वर्षांनी भिकन तिथून बाहेर पडला तेव्हा त्याला दहा-पंधरा पावलांवरून कुणाच्याही ओठांवरचं वाचता येत होतं, डावा कान संपला होता आणि उजवा निम्मा उरला होता. खात्यात याला कुणी बहिरेपणा म्हणत नाही. सगळेच तसे.

मग तो लेथवर गेला, लेथवरून कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर. चलथाणच्या रस्त्यावर ललितभाईंचं मशीन-शॉप आहे. तिथं मागांचेच सुटे भाग बनतात. भिकन तिथं वीस वर्षांपूर्वी लागला आणि हळूहळू तिथला सगळ्यात भरवशाचा ऑपरेटर झाला. लोखंड कापता कापता टूलची धार गेली की काम बिघडायच्या आधी हा मशीन थांबवायचा. दार उघडून बघावं तर धारेचा कोपरा उडालेला. दहातल्या नऊ वेळा. त्यामुळं शॉपमध्ये बोलबाला झाला, भिकनला मशीन ऐकू येतं. गिऱ्हाईक आलं की ललितभाई त्याच्यापुढं उभं करून सांगायचे, “आ अमारा भिकनभाई. मशीनचा श्वास ऐकतो.” भिकन मान हलवायचा. एक हात मशीनच्या उभ्या खांबावर टेकवलेला, मान किंचित कलती. बघणाऱ्याला वाटावं, कान देऊन उभा आहे.

मला कळलं ते पर्वत पाटियाच्या चौकात. भर दुपारी तो रस्त्याकडेला उभा होता, मागं एक टेम्पो हॉर्न देत उलटा येत होता आणि हा हलेना. मी दोन हाका मारल्या, तिसरीला सदरा धरून ओढला. वळून त्यानं माझ्याकडं बघितलं आणि एकदम कसनुसा झाला.

“कधीपासून?” मी विचारलं.

“साच्यापासूनच, बाई. कुणाला बोलू नका. मशीनवर बहिरा माणूस ठेवत नाहीत.”

“मग तू मशीन ऐकतोस म्हणतात ते?”

“ते लोक म्हणतात. मी हातानं बघतो.” त्यानं उजवा तळहात माझ्यापुढं धरला. “धार गेली की खांबात मुंग्या येतात. बारीक. आधी इथं, अंगठ्याच्या बुडाशी.”

मी विज्ञानाची बाई. कंपन ते कंपन, कानानं घ्या की हातानं घ्या, असं म्हणून मी स्वतःचं समाधान केलं आणि गप्प बसले. भौतिकशास्त्र बरोबर होतं माझं. तेवढंच बरोबर होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपाचमीला शॉप उघडलं आणि नीलम आली. नीलम बिऱ्हाडे, वय एकतीस, आजोबा रेल्वेच्या कामाला म्हणून उधन्याला आलेले, ही इंजिनिअर झालेली. एका छोट्या कंपनीत मशीनला स्वतःचं स्वतः ठरवता येईल असं सॉफ्टवेअर ती बांधत होती, आणि संपूर्ण आराखडा तिचा असलेलं हे पहिलंच काम होतं. पुढं माझ्याच घरी तिनं मला तो कागदावर काढून दाखवला, तो असा. चार डबे. पहिला डबा फक्त गोळा करतो: मशीनजवळच्या माइकमधून आवाज, खांबावरच्या सेन्सरमधून कंपन, मोटरवरचा ताण. दुसरा ठरवतो, सगळं ठीक आहे की बिघडतंय. तिसरा मशीनला हुकूम देतो, हळू चाल किंवा थांब. चौथा सगळं लक्षात ठेवतो आणि त्यातून शिकतो. एका डब्यानं दुसऱ्याच्या पोटात हात घालायचा नाही, फक्त चिठ्ठी पाठवायची; म्हणजे उद्या एखादा डबा बदलला तरी बाकीचे हलत नाहीत. आणि मशीनवरचं लाल बटण यांतल्या कुठल्याच डब्यातून जात नाही, त्याची तार थेट. सॉफ्टवेअर वेडं झालं तरी माणसानं बटण दाबलं की मशीन थांबलंच पाहिजे. मला पटलं. मुलगी डोकं जागेवर ठेवून काम करत होती.

शिकायचं कुणाकडून? अर्थात भिकनकडून. अकरा आठवडे तो नेहमीसारखं काम करणार, आणि दरवेळी मशीन थांबवलं की समोरचा पडदा त्याला विचारणार: का थांबवलं? खाली चार चौकोन. आवाज. कंपन. दिसलं. वास आला. भिकननं पहिल्या दिवशी पहिल्यांदा मशीन थांबवलं तेव्हा नीलम शेजारी उभी, ललितभाई मागं उभे, आणि दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर योगराज मुद्दाम लवकर येऊन बघत थांबलेला.

“दबावो, भिकनभाई, दबावो,” ललितभाई म्हणाले. “एमां शुं विचारवानुं, यात विचार कसला? आवाज!”

भिकननं ‘आवाज’ दाबलं. आणि मग तेच दाबत राहिला. अकरा आठवड्यांत एकशे त्रेचाळीस वेळा.

याला तुम्ही खोटं म्हणाल. मीही म्हणते. पण वीस वर्षं ज्या नावानं माणूस उभा आहे त्या नावाच्या विरुद्ध बोट न्यायला किती जोर लागतो, हे त्या चौकोनापुढं उभं राहून बघावं.

चौथा डबा मात्र प्रामाणिक विद्यार्थी. गुरुजी म्हणतात आवाज, तर आवाज. त्यानं माइकवर भरवसा वाढवत नेला आणि कंपनाकडं दुर्लक्ष करायला शिकला. अकरा आठवडे झाले, नीलमनं तपासणी केली, आकडे काही फार चांगले नव्हते पण चालतील असे होते, आणि योगराजच्या पाळीला सगळं सॉफ्टवेअरच्या हाती दिलं.

नवव्या दिवशी दुपारी साडेचारला टूलची धार उडाली. त्याच वेळी शेजारचा कॉम्प्रेसर सुरू होता, माइकला वेगळं काही कळलं नाही. खांब थरथरत होता. सेन्सरनं चिठ्ठी पाठवली, दुसऱ्या डब्यानं ती बाजूला ठेवली. टूल मोडलं, पकडीतलं लोखंड सुटलं आणि दाराच्या काचेवर आपटलं. काच जाड म्हणून तडा जाऊन राहिली. योगराज पलीकडं तोंडाच्या उंचीवर उभा होता. लागलं काही नाही, पण तो खाली बसला तो बराच वेळ उठेना. मशीन सहा दिवस बंद.

ललितभाई चिडले आणि चिडायला हवंच होतं. नीलमच्या कंपनीला त्यांनी कळवलं, तुमचं खोकं उचलून न्या. कंपनीनं नीलमला सांगितलं, आठ दिवसांत चूक सापडली तर ठीक, नाहीतर हे काम बंद आणि तूही दुसरीकडं बघ. ती रोज येऊन तडकलेल्या काचेसमोर लॅपटॉप घेऊन बसायची. भिकन तिच्यासाठी चहा आणून ठेवायचा आणि तिच्याकडं न बघता निघून जायचा. एक दिवस लांबून त्यानं योगराजला मशीन दुसऱ्या कुणाला दाखवताना पाहिलं. ओठ स्वच्छ दिसत होते.

“बेनचं खोकं बहिरं आहे रे,” योगराज म्हणत होता. “ठार बहिरं.”

त्या संध्याकाळी भिकन माझ्याकडं आला. बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, वर सांगितलंय ते.

“मग सांगून टाक तिला,” मी म्हटलं.

“सांगितलं तर मशीन जाईल, बाई.”

“न सांगितलंस तर ती पोरगी जाईल. आणि तिच्या जागी जो येईल तो तुझेच एकशे त्रेचाळीस घेऊन बसेल.”

तो म्हणाला, “अर्धं सांगतो. मी हातानं बघतो, एवढं. कानाचं नाही.”

मी विचार केला. हातानं काम करणं हा काही गुन्हा नाही. तेवढं कळलं तरी तिचं सॉफ्टवेअर सुधारेल, याचंही राहील. मी म्हटलं, “चालेल.” लिहून ठेवते: मी म्हटलं, चालेल.

त्यानं दुसऱ्या दिवशी नीलमला सांगितलं. एका वाक्यात, म्हणे.

“काका, एकशे त्रेचाळीस वेळा? एकदाही वाटलं नाही, की दुसरं बटण दाबावं?”

“वाटलं. पहिल्या दिवशी.”

“मग?”

“मग सगळे उभे होते.”

ती संतापली, आणि संतापून कामाला लागली. ललितभाईंकडून तिनं दोन दिवस मागून घेतले. प्रत्येक नोंद भिकनबरोबर बसून दुरुस्त करायची होती, आणि शॉपमध्ये धड बसायला जागा नाही. भिकननं माझं घर सुचवलं. त्याच्या घरी म्हणे टीव्ही मोठ्यानं असतो. टीव्ही का मोठ्यानं असतो ते मला माहीत होतं. त्याची बायको सुषमा दिवसातून चारदा तरी ओरडते, “ओ, माले काय भितीसंगे बोलनं शे का?” तिला नवऱ्याचे कान ठाऊक नाहीत असं नाही. ती चिडते ते त्यानं कबूल न करण्यावर.

तर रविवारी सकाळी दहाला तिघं माझ्या पुढच्या खोलीत. नीलम लॅपटॉप घेऊन जमिनीवर, भिकन तिच्या बरोबर समोर, तोंड दिसेल असा, मी खुर्चीत. ती तारीख, वेळ आणि त्या दिवशी कुठला भाग कापत होते ते वाचायची. आणि हा आठवायचा! मी थक्क झाले. वर्गात याला पाढे येत नव्हते.

“सतरा नंबर. रोलरचा दांडा, सकाळी अकरा.”

“तळहात.”

“अठरा. तोच दांडा, साडेबारा.”

“ते डोळा. लोखंडाचा बुरा निळा पडत होता.”

“बावीस?”

“वास. पाण्यातलं तेल जळलं.”

“एकतीस?”

“ते माहीत नाही. पण थांबवायला पाहिजे होतं.”

“माहीत नाही असा चौकोन नाही, काका.”

“मग एक ठेव. ज्याला कळत नाही त्यानं काय करायचं? जवळचं दिसेल ते दाबायचं?”

नीलमनं त्याच्याकडं बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. पाचवा चौकोन आता त्या पडद्यावर आहे.

असं करत दुपार झाली. मी खिचडी टाकली, ती जेवताना नीलम जरा सैलावली. म्हणाली, “काका, एक मात्र बरं झालं. तुमच्या तीन नोंदींमुळं मला घड्याळातली चूक सापडली होती.”

“कसली चूक?” मी विचारलं.

“मशीनचा स्वतःचा अलार्म असतो ना, तेल कमी झालं की वाजतो. पहिल्याच पंधरवड्यात तीनदा तो वाजला आणि काकांनी मशीन थांबवलं ते पंधरा, सतरा, सोळा सेकंदांनी. आता काका शेजारी उभे, सोळा सेकंद थांबतील का? म्हणजे अलार्म आणि कंपन नोंदवणारं घड्याळ आणि बटण नोंदवणारं घड्याळ जुळत नव्हतं. मी ते सोळा सेकंद सरकवून घेतलं. तेव्हापासून सगळ्या नोंदी तशाच जुळवते.”

मी भिकनकडं बघितलं. त्यानं तिचे ओठ वाचले होते. घास हातात राहिला होता.

मला उठून भांड्यांत पाणी आणायला जाता आलं असतं. नीलमला तर शंकाच नव्हती; तळहाताचं कळलं होतं, नोंदी सुधारत होत्या, सोमवारी ती आपला आराखडा वाचवून घेऊन गेली असती आणि भिकन मंगळवारी मशीनवर असता. फक्त सोळा सेकंद सरकलेलं घड्याळ त्या डब्यांत राहिलं असतं, आणि त्या मशीनपुढं योगराज उभा राहिला असता. मी काही बोलले नाही. बोलणं माझं नव्हतं, असं मी आता म्हणते. तेव्हा धीर झाला नाही, हे जास्त खरं.

भिकननं घास ताटात ठेवला.

“बेन, घड्याळ बरोबर होतं.”

“काय?”

“घड्याळ बरोबर होतं. मला अलार्म ऐकू आला नाही. तीनही वेळा. पलीकडचा माणूस माझ्याकडं बघून काहीतरी बोलला, त्याच्या तोंडावरून कळलं, मग थांबवलं.” त्यानं डाव्या कानाला बोट लावलं. “हा गेलेला आहे. हा अर्धा. तू घड्याळ परत जागेवर ने.”

नीलमनं हात धुतला नाही, तशीच लॅपटॉपकडं सरकली, मग थांबली. सरकवलेलं घड्याळ म्हणजे नंतरच्या सगळ्या आठवड्यांतली प्रत्येक नोंद सोळा सेकंद चुकीच्या कंपनाला जोडलेली. तिला ते कळायला एक क्षण लागला. हे त्याचं काय होईल, ते कळायला दुसरा.

“काका, हे मला वर लिहून द्यावं लागेल. कारण लिहिल्याशिवाय घड्याळ बदलता येणार नाही. कारण लिहिलं की ललितभाई वाचतील.”

“मग लिही.”

“तुम्ही सांगायच्या आधी कुणाला माहीत होतं?”

“मला,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं जे बघितलं ते मला लागलं. लागायला हवं होतं. “बाई, तुम्ही विज्ञान शिकवायचात ना?” एवढंच म्हणाली आणि पुन्हा नोंदींकडं वळली. संध्याकाळी सहापर्यंत आम्ही एकशे त्रेचाळीस संपवल्या. तळहात एकशे अठरा. डोळे आणि नाक मिळून चौदा. माहीत नाही, आठ. अलार्म न ऐकलेले तीन. आवाज एकही नाही.

सोमवारी ललितभाईंनी वाचलं. भिकनला आत बोलावलं. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं, भिकन म्हणतो. “वीस वर्षं मी लोकांना काय सांगत होतो, भिकनभाई?” एवढं म्हणाले. मग कानाची तपासणी झाली, कागद आला. नीलमनं मशीनवर अलार्मबरोबर पेटणारा मोठा दिवा लावायचं सुचवलं, मनगटावर थरथरणारं यंत्र बांधायचंही सुचवलं. ललितभाईंनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. “दिवा बघायला मान वर पाहिजे. याची मान मशीनमध्ये असते. उद्या काही झालं तर सुषमाबेनला मी काय सांगू?” मला त्यांचा राग आला होता. विचार केला तर त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. भिकनला तपासणीच्या खोलीत दिलं, जिथं तयार भाग मापून पास-नापास करतात. खोली शांत आहे. पंखासुद्धा नवा.

सुषमाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं. आते तरी बोलशात.” आणि आत जाऊन भाकरी थापायला लागली. पाठ आमच्याकडं. खांदे हलत होते.

तिथं जाण्याआधी मशीन योगराजच्या आणि सॉफ्टवेअरच्या हाती सुपूर्द करायला भिकनला तीन आठवडे होते. नीलमनं घड्याळ मागं नेलं, सगळ्या नोंदी नव्यानं जोडल्या आणि चौथ्या डब्याला पहिल्यापासून शिकायला बसवलं. पहिल्या दोन आठवड्यांत सॉफ्टवेअर मशीन उगाच थांबवायचं, भिकन हसायचा. तिसऱ्यात उगाच थांबणं कमी झालं. शेवटच्या दिवशी काय झालं ते त्यानं मला रात्रीच्या जेवणाआधी येऊन सांगितलं, आणि या वेळी बसून सांगितलं.

दुपारी तीनचा सुमार. रोलरचा दांडा लावलेला, शेजारी योगराज उभा, कारण चारला पाळी त्याची. भिकनचा हात नेहमीच्या जागी, खांबावर. काही जाणवत नव्हतं. त्यानं पुन्हा मला खात्री दिली, हात काढलेला नव्हता, दुसरीकडं लक्ष नव्हतं, काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. आणि मशीन आपणहून थांबलं.

योगराज म्हणाला, “परत उगाच.”

भिकननं दार उघडलं. टूल काढून उजेडात धरलं. धारेचा कोपरा उडालेला होता, मोहरीच्या दाण्याएवढाही नाही.

“ह्यानं आधी ओळखलं, बाई,” तो म्हणाला.

“वाईट वाटलं?” मी विचारलं. मला असले प्रश्न विचारायची सवय नाही, पण विचारला.

त्यानं तळहाताकडं बघितलं. “वाईट नाही. पण मला वाटलेलं, निदान माझ्याइतकं तरी. माझ्या पुढं जाईल असं नव्हतं वाटलं. शिकलं तर माझ्याच हातावरून.”

“मग काय केलंस?”

आता मशीन स्वतः थांबलं की पडदा वेगळं विचारतो: बरोबर थांबवलं का? हो, नाही. योगराज वाट बघत होता. भिकननं ‘हो’ दाबलं, टूल त्याच्या हातात दिलं, जेवणाचा डबा उचलला आणि तपासणीच्या खोलीकडं गेला.